ब्रेक लावला की चाकं उलटी का फिरतात? एक्स्प्रेशनने प्रॉपर्टी जोडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका गणेश मंडळाच्या देखाव्यामागे एलईडी पडद्यावर एक मिनिटाची फिल्म चालायची आहे, विषय डभोईची नॅरोगेज रेल्वे. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंजिन आणि सहा डबे बसवून झाले आहेत. वेगासाठी एक स्लायडर (सरकवून आकडा बदलायचा कंट्रोल) घेतला आणि चाकांच्या रोटेशनवर ‘टाइम गुणिले स्लायडर’ एवढं एक्स्प्रेशन, म्हणजे किंमत मोजून देणारं छोटं सूत्र, लिहिलं. गाडी पळते तोवर सगळं ठीक. पण चौथ्या सेकंदापासून सहाव्यापर्यंत वेग ३०० वरून शून्यावर आणला की चाकं गरागरा उलटी फिरतात. थांबताना डबे एकमेकांत घुसतात. मराठी आणि गुजराती मजकुराच्या पट्टीमागची चौकट शब्द बदलला की उडी मारते. हा सॉफ्टवेअरचा बग आहे का?

बग नाही. सॉफ्टवेअर तुम्ही सांगितलेलंच करतंय, आणि तिन्ही तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे: कोणती गोष्ट हाताने हलवायची आणि कोणती तिच्यावरून मोजून काढायची, हे आधी ठरलेलं नाही.

आधी चाकं. एक्स्प्रेशनला मागची फ्रेम आठवत नाही. प्रत्येक फ्रेमला ते कोऱ्या पाटीने सुरू होतं, आत्ताची किंमत विचारतं आणि उत्तर देऊन मोकळं होतं. तुमचंच गणित करून पाहा. चौथ्या सेकंदाला ४ गुणिले ३००, म्हणजे १२०० अंश. पाचव्याला वेग १५० वर आलेला, म्हणून ५ गुणिले १५०, ७५० अंश. सहाव्याला ६ गुणिले शून्य, म्हणजे शून्य. चाक १२०० वरून दोन सेकंदांत शून्यावर आलं, म्हणजे सव्वातीन फेऱ्यांहून जास्त उलटं फिरलं. ब्रेक लागताक्षणीच ते ३०० अंश प्रतिसेकंद या वेगाने मागे जायला लागतं, आणि गाडी ‘थांबते’ त्या क्षणी हा उलटा वेग ९०० झालेला असतो. खरं उत्तर काय हवं होतं? पहिल्या चार सेकंदांचे १२०० आणि पुढच्या दोन सेकंदांत सरासरी १५० च्या वेगाने आणखी ३००, एकूण १५००. म्हणजे आजवर कापलेलं सगळं अंतर जमवत जायचं असतं. ‘टाइम गुणिले वेग’ तसं करत नाही. ते आत्ताचा वेग घेतं आणि गाडी सुरुवातीपासून याच वेगाने चालत होती असं धरून चालतं. वेग कायम असेल तरच हे खरं.

यावर दोन उपाय आहेत. एक चांगला, एक नाइलाजाचा.

चांगला उपाय म्हणजे वेगाचा स्लायडर काढून टाका आणि ‘अंतर’ नावाचा स्लायडर लावा. एक नल ऑब्जेक्ट (पडद्यावर न दिसणारा रिकामा लेअर) घ्या, त्याला एक्स्प्रेशन कंट्रोल्समधला स्लायडर कंट्रोल द्या, आणि संपूर्ण फिल्ममध्ये कीफ्रेम (अमुक वेळेला अमुक किंमत अशी खूण) फक्त त्याच्यावर टाका. तुमच्या चाकाचा व्यास २०० पिक्सेल धरू. घेर झाला सुमारे ६२८. चाकाच्या रोटेशनचं स्टॉपवॉच ऑल्ट धरून क्लिक करा (मॅकवर ऑप्शन), पिकव्हिप (दोन प्रॉपर्टी जोडणारी दोरी) ओढून अंतराच्या स्लायडरवर सोडा, आणि आपोआप उमटलेल्या ओळीपुढे हाताने एवढंच लिहा: भागिले ६२८.३, गुणिले ३६०. गाडी १२५७ पिक्सेल पुढे गेली की चाकाच्या बरोबर दोन फेऱ्या. गाडी थांबली की चाक थांबणार, मागे घेतली की उलटं फिरणार, आणि तेव्हा ते उलटं फिरायलाच हवं.

तुमच्या कीफ्रेमही सांगून टाकतो: शून्य सेकंदाला ०, चौथ्याला २०९४, सहाव्याला २६१८. चौथ्या सेकंदाच्या कीफ्रेमवर राइट क्लिक करून कीफ्रेम व्हेलॉसिटी उघडा, बाहेर जाणारा वेग ५२४ आणि इन्फ्लुअन्स ३३.३३ टक्के ठेवा. सहाव्याला आत येणारा वेग शून्य, इन्फ्लुअन्स तेवढाच. या आकड्यांना वेग सरळ रेषेत उतरतो, खऱ्या ब्रेकसारखा. नुसतं ईझी ईझ (हालचाल आपोआप मऊ करणारी कमांड) दाबलंत तर चौथ्या सेकंदालाही वेग शून्य होतो, आणि मधेच गाडी थबकून पुन्हा निघाल्यासारखी दिसते. मंडळाचे अध्यक्ष आदल्या रात्री येऊन ‘जरा हळू करा ना’ म्हणणारच आहेत, तेव्हा तुम्हाला हात लावायच्या जागा एवढ्याच.

दुसरा उपाय, वेगाचाच स्लायडर हवा असेल तर. एक्स्प्रेशनमध्ये लूप लिहायचा: शून्य फ्रेमपासून आत्तापर्यंत प्रत्येक फ्रेमला स्लायडरची किंमत व्हॅल्यू ॲट टाइमने (दिलेल्या वेळेची किंमत सांगणारं फंक्शन) वाचायची, तिला एका फ्रेमच्या कालावधीने गुणायचं आणि बेरीज करत जायचं. उत्तर बरोबर येतं, पण किंमत मोजावी लागते. पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने एका मिनिटाच्या १५०० फ्रेम. शेवटच्या फ्रेमला १५०० वेळा वाचन, आणि सगळ्या फ्रेम मिळून ११,२५,७५० वाचनं, तेही एका चाकासाठी. इंजिन आणि सहा डब्यांच्या प्रत्येक चाकावर हे चिकटवलंत तर प्रीव्ह्यू रांगायला लागेल. करायचंच असेल तर लूप एकाच स्लायडरवर ठेवा, बाकी सगळ्यांनी त्या स्लायडरकडे पाहावं, आणि वेग पक्का झाला की ॲनिमेशन मेनूतल्या कीफ्रेम असिस्टंटमधून कन्व्हर्ट एक्स्प्रेशन टू कीफ्रेम्स करून टाका.

हीच खोड विगलमध्येही आहे, म्हणजे किंमत आपोआप थरथरवणाऱ्या फंक्शनमध्ये. इंजिनाची थरथर वेगाबरोबर वाढावी म्हणून लोक विगलच्या फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती वेळा) स्लायडर जोडतात, आणि वेग बदलताना इंजिनाला झटके येतात. कारण तेच: फ्रिक्वेन्सी बदलली की सुरुवातीपासूनचा सगळा काळ नव्याने मोजला जातो. फ्रिक्वेन्सी कायम ठेवा, समजा ८, आणि फक्त ॲम्प्लिट्यूड (थरथर किती मोठी) बदला. त्यासाठी वेगळा वेगस्लायडर लागत नाही. अंतराच्या स्लायडरची व्हेलॉसिटी एक्स्प्रेशनमधून थेट वाचता येते. ती लिनिअरमध्ये (एका मापातली किंमत दुसऱ्या मापात बसवणारं फंक्शन) टाका: वेग ० ते ५२०, थरथर ० ते ३ पिक्सेल. लिनिअर दिलेल्या मर्यादेबाहेर जात नाही, म्हणून वेग जास्त झाला तरी थरथर तीनवरच थांबते. गाडी मागे घेणार असाल तर व्हेलॉसिटी ऋण येते, आधी तिचं चिन्ह काढून घ्या.

उलट्या चाकांचं आणखी एक कारण असतं, आणि त्याचा एक्स्प्रेशनशी काही संबंध नाही. चाकाला १२ आरे असतील तर दोन आऱ्यांमध्ये ३० अंश. एका फ्रेममध्ये चाक १५ अंशांपेक्षा जास्त फिरलं की डोळा पुढच्या आऱ्याऐवजी मागचा आरा जवळचा धरतो आणि चाक मागे फिरल्यासारखं दिसतं. पंचवीस फ्रेमला ही सीमा ३७५ अंश प्रतिसेकंद. तुमचे ३०० म्हणजे फ्रेमला १२ अंश, ठीक आहे. पण कुणी ‘वेग दुप्पट करा’ म्हटलं की २४ अंश होतील आणि चाक फ्रेममागे ६ अंश उलटं चालल्याचा भास होईल. तेव्हा एक्स्प्रेशन तपासत बसू नका. मोशन ब्लर चालू करा, किंवा एक आरा वेगळ्या रंगाचा करा. इंजिनाच्या चाकांना जोडदांडा असेल तर भास आपोआपच कमी होतो, कारण दांडा फेरीत एकदाच वर येतो.

त्या जोडदांड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चित्रात तो दिसतोय आणि स्थिर आहे, म्हणून सांगतो. चाकं जोडणारा हा आडवा दांडा स्वतः फिरत नाही. तो कायम आडवाच राहतो आणि अख्खा गोलात हिंडतो. चाकाला पॅरेंट केलात, म्हणजे चाकामागे बांधलात, तर तो पंख्याच्या पात्यासारखा फिरेल, म्हणून पॅरेंटिंग इथे उपयोगाचं नाही. चाक आणि दांडा दोन्ही इंजिनालाच पॅरेंट करा, दांड्याचा अँकर पॉइंट (लेअर ज्याच्याभोवती फिरतो तो बिंदू) त्याच्या एका टोकाच्या खिळीवर आणा, आणि पोझिशनला सांगा: त्या टोकाच्या चाकाची पोझिशन, अधिक त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन आणि साइन. पहिला आडव्यासाठी, दुसरा उभ्यासाठी. त्रिज्या म्हणजे चाकाच्या मध्यापासून खिळीपर्यंतचं अंतर, चाकाची त्रिज्या नव्हे. आफ्टर इफेक्ट्समध्ये वाय खाली वाढतो आणि रोटेशन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाढतं, त्यामुळे उणे-अधिकची खटपट न करता हे जुळतं. एक मात्र विसरू नका: साइन-कोसाइनला कोन रेडियनमध्ये लागतो आणि रोटेशन अंशात असतं. मधे डिग्रीज टू रेडियन्स हे फंक्शन घातलं नाहीत तर दांडा अंगात आल्यासारखा नाचेल. खऱ्या इंजिनात दोन बाजूंच्या चाकांवरच्या खिळी एकमेकींशी ९० अंशांत असतात, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडकला तरी दुसरी बाजू ओढते. पलीकडची बाजू दाखवणार असाल तर कोनात ९० मिळवा. रेल्वेत नोकरी केलेले आजोबा प्रतापनगरहून देखावा पाहायला येतील आणि बरोबर तेच बघतील.

दोन्ही लेअर एकाच पॅरेंटखाली ठेवा असं मुद्दाम म्हटलं. पॅरेंट लावलेल्या लेअरची पोझिशन पॅरेंटच्या हिशेबाने मोजली जाते, कॉम्पच्या (अख्ख्या दृश्याच्या) नाही. वेगवेगळ्या पॅरेंटखालच्या दोन पोझिशन पिकव्हिपने जोडल्यात तर आकडे जुळतील आणि लेअर भलतीकडे दिसेल. तशी वेळ आली तर टू कॉम्प वापरून जागा आधी कॉम्पच्या मापात आणावी लागते. मी शक्य तिथे ती वेळच येऊ देत नाही.

आता डबे. तुम्ही प्रत्येक डब्याला इंजिनाची पोझिशन काही फ्रेम उशिराने वाचायला लावलीय. व्हॅल्यू ॲट टाइममध्ये टाइम उणे अर्धा सेकंद, मग एक सेकंद, असं. धावताना छान दिसतं, पण दोन डब्यांमधलं अंतर म्हणजे वेग गुणिले उशीर. वेग शून्याकडे गेला की अंतरही शून्याकडे जातं आणि मागचा डबा पुढच्यात शिरतो. तुमच्या फिल्ममध्ये झालं ते हेच. डबे साखळीने बांधलेले आहेत, तेव्हा त्यांचा फरक लांबीत मोजायचा: डब्याची एक्स पोझिशन म्हणजे इंजिनाची एक्स, उणे डब्याचा क्रमांक गुणिले डब्याची लांबी. सरळ रुळावर एवढं पुरे. क्रमांकासाठी इंडेक्स वापरायचा मोह होईल, म्हणजे टाइमलाइनमधला लेअरचा नंबर. सोयीचं आहे, पण उद्या कुणी मधे एक लेअर टाकला की सगळे डबे एक घर सरकतील. मी प्रत्येक डब्यावर ‘क्रमांक’ म्हणून एक स्लायडर ठेवतो. एकदा टंकायचं, मग लेअर कुठेही न्या.

उशिराने वाचणं वाईट नाही, त्याची जागा वेगळी. इंजिनाला बांधलेली पताका, धुराच्या वळ्या, पडद्यामागचं लोंबतं तोरण, असं जे सैल आहे त्याला उशीर शोभतो. नवरात्रात गरब्याच्या रिंगणाचं ॲनिमेशन कराल तेव्हाही: रिंगणातली जागा कोनाने ठरवा (३६० भागिले माणसं, गुणिले क्रमांक) आणि हातांच्या टाळीला दोन-तीन फ्रेमचा उशीर द्या.

बहुतेक वेळा इंजिन पडद्याच्या मध्यातच राहतं आणि पार्श्वभूमी मागे सरकते. तिथेही अंतराचा तोच स्लायडर, फक्त उणे करून वेगवेगळ्या पटीत: रूळ १, मधली झाडं ०.४, दूरची पावागडची रेघ ०.०५. झाडांच्या आणि डोंगराच्या पटी चवीप्रमाणे बदला. रुळांची पट मात्र १च हवी, नाहीतर चाकं घसरल्यासारखी दिसतात. लांबच लांब रूळ काढायची गरज नाही. एका स्लीपरपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि अंतराला त्याने भागून उरलेली बाकी तेवढीच सरकवा. तोच तुकडा अखंड धावत राहतो. दोन्ही बाजूंना एकेक स्लीपर जास्तीचा ठेवा.

चौकटीची गोष्ट वेगळी आहे आणि ती फक्त आपल्यासारख्यांनाच छळते. तुम्ही चौकटीचा आकार सोर्स रेक्ट ॲट टाइमवरून घेतलाय, ते योग्यच. पण हे फंक्शन प्रत्यक्ष दिसणाऱ्या अक्षरांची चौकट देतं. ‘मियागाम’ला वर वेलांटी आहे, ‘गायकवाड’ला वर-खाली काहीच नाही, ‘सुरू’ला खाली उकार आहे. तिघांची उंची वेगळी आणि वरची कडही वेगळी, म्हणून चौकट उड्या मारते. गुजराती ओळीला शिरोरेघ नसल्याने आणखी एक उडी. म्हणून फंक्शनकडून फक्त रुंदी आणि डावी कड घ्या, उंची हाताने एकदाच ठरवा, सगळ्यात उंच मात्रा आणि सगळ्यात खोल उकार मावेल एवढी. शेप लेअरमधल्या रेक्टँगलच्या साइझला दोन किंमती लागतात: पहिली रुंदी अधिक दोन्ही बाजूंचं पॅडिंग, दुसरी तुमचा ठरीव आकडा. चौकटीचा मध्य म्हणजे डावी कड अधिक रुंदीचा अर्धा. जोडाक्षरं तुटून दिसत असतील तर ते एक्स्प्रेशनचं काम नाही. प्रेफरन्सेसमधल्या (मॅकवर सेटिंग्ज) टाइप विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडा.

इतिहासाच्या पट्टीवर १८६२ हे साल पळत्या आकड्यांनी आणायचं म्हणता, तर सोर्स टेक्स्टला स्लायडर जोडल्यावर दशांशचिन्हापुढची शेपूट येईल आणि अंक इंग्रजी दिसतील. मॅथ राउंडने शेपूट कापा. देवनागरी अंकांसाठी ‘०१२३४५६७८९’ ही एक ओळ एक्स्प्रेशनमध्ये ठेवा, आकड्याचा एकेक अंक घेऊन ओळीतला त्या जागेचा अंक उचला आणि जोडत चला. गुजराती पट्टीसाठी तीच ओळ गुजराती अंकांत. सालाबद्दलही एक सूचना: १८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या काळात डभोई-मियागाम मार्गावर गाडी ओढायला बैल होते. तुमचं वाफेचं इंजिन त्या सालासमोर उभं करू नका, आधी बैल दाखवा. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, तेव्हा रुळांच्या मानाने इंजिन रुंद आणि चाकं लहान दिसली तर ते बरोबरच आहे.

किरकोळ गोष्टी. स्केलला दोन किंमती लागतात, स्लायडर एकच देतो. पिकव्हिप ओढलात तर सॉफ्टवेअर स्वतःच ती किंमत दोनदा लिहून देतं, हाताने लिहिलंत तर चौकटी कंसात दोनदा लिहावी लागते. तुमची ती चूक दाखवणारी पिवळी त्रिकोणी खूण यासाठीच आली होती. एक्स्प्रेशन असलेली किंमत लाल दिसते. ती हातानेही थोडी सरकवता यावी असं वाटत असेल तर ओळीच्या शेवटी ‘अधिक व्हॅल्यू’ जोडा. लेअर निवडून ई दोनदा दाबलं की त्यावरची सगळी एक्स्प्रेशन उघडतात. चाक लटपटत असेल तर अँकर पॉइंट मध्यात नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि होम एकत्र दाबा. आणि टाइम हा शब्द कॉम्पची वेळ सांगतो, लेअरची नाही. लेअर टाइमलाइनवर सरकवला की कीफ्रेम त्याच्याबरोबर जातात, टाइमवर लिहिलेलं एक्स्प्रेशन जात नाही. तिथे टाइम उणे इन पॉइंट (लेअर सुरू होण्याची वेळ) लिहा.

तुम्ही एका जुन्या टेम्पलेटमधून धुराचं रिग (तयार जुळणी) उचललंय आणि ते एरर देतंय. एक्स्प्रेशन आफ्टर इफेक्ट्समध्ये २००१ साली पाचव्या आवृत्तीत आली, आणि २०१८ च्या शेवटी त्यांचं इंजिन बदलून नवं जावास्क्रिप्ट इंजिन आलं. नवं बरंच वेगवान आहे, पण लिहिण्याच्या बाबतीत कडक. जुन्या टेम्पलेटमधली इफ-एल्सची ढिली वाक्यं त्याला चालत नाहीत. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एक्स्प्रेशन्सचा टॅब आहे, तिथे लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्ट निवडून पाहा. धूर चालू झाला तर कारण सापडलं. पण तसंच सोडू नका, कारण ती निवड अख्ख्या प्रोजेक्टला लागते. लेगसीवर ठेवूनच धुराच्या लेअरची एक्स्प्रेशन कीफ्रेममध्ये बदला आणि मग इंजिन परत नव्यावर आणा.